तळपायांची आग आणि अमेरिकेतली नवी गोळी: आईसाठी मागवावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ६६, वजन ५५ किलो, मधुमेह १४ वर्षांपासून. गेली ३ वर्षं तळपायांची आग, मुंग्या, मधूनच करंट मारल्यासारखी चमक. रात्री पायाला चादर लागली तरी सहन होत नाही. प्रीगॅबालिन या मज्जातंतू-वेदनेवरच्या औषधाने दिवसभर गुंगी असते, तोल जातो, घोटे सुजतात. अमेरिकेतल्या भावाने अफूवर्गीय नसलेली नवी वेदनाशामक गोळी आल्याची बातमी पाठवली आहे, ती मागवावी का? आणि एका केंद्राने 'नव्या उपचाराच्या चाचणीत' घेतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली आहे, ती भरावी का?

मी मूळचा भूलतज्ज्ञ, आणि बरीच वर्षं फक्त जुनाट वेदनेचे रुग्ण पाहतो. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण पहिल्या 'नाही'चं कारण नीट सांगायला हवं, कारण त्या गोळीमागचं संशोधन अस्सल आहे आणि मला स्वतःला त्याबद्दल मनापासून आशा वाटते.

भाऊ म्हणतात ती गोळी म्हणजे सुझेट्रिजिन. व्हर्टेक्स कंपनीचं हे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी मंजूर केलं. मज्जातंतूतून संदेश पुढे जातो तो सोडियमच्या सूक्ष्म वाहिन्या उघडल्यामुळे. दाताच्या डॉक्टरांकडे टोचतात ते लिग्नोकेन या सगळ्याच वाहिन्या बंद करतं, म्हणून गाल बधिर होतो. पण तेच औषध वेदना थांबेल इतकं रक्तात सोडलं, तर हृदय आणि मेंदू यांनाही धोका, कारण त्यांचं कामही सोडियमच्या वाहिन्यांवरच चालतं. म्हणून अनेक वर्षं शोध चालला होता तो वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंमध्येच असणाऱ्या वाहिनीचा.

या शोधातली एक हकिगत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा होता. रस्त्यावर खेळ करायचा: दंडातून सुरी आरपार घालायची, जळत्या निखाऱ्यांवरून चालायचं. त्याला दुखतच नसे. केंब्रिजचे जनुकतज्ज्ञ जेफ्री वूड्स त्याला भेटायच्या आधीच तो गेला. घराच्या छतावरून उडी मारली होती, वयाची १४ वर्षंही पुरी व्हायची होती. त्याच्याशी नातं असलेल्या कुटुंबांतली, जन्मापासून वेदना न जाणवणारी ६ मुलं पुढे तपासली गेली. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की या सर्वांमध्ये एनएव्ही १.७ नावाची सोडियम वाहिनी घडवणारं जनुक निकामी होतं. त्याआधी दोनच वर्षं, चीनमधल्या संशोधकांना याच्या नेमकं उलट सापडलं होतं. हातपाय लालबुंद होऊन त्यांची भयंकर आग होणारा एक आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांमध्ये हीच वाहिनी गरजेपेक्षा जास्त सहज उघडत होती. एका टोकाला आगच आग, दुसऱ्या टोकाला वेदनेचा पत्ताच नाही, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच वाहिनी.

साहजिकच औषध कंपन्या १.७ च्या मागे लागल्या. बरीच वर्षं आणि अफाट पैसा खर्च झाला, पण माणसांवरच्या चाचण्यांत ती औषधं एकामागून एक फिकी पडली. मधुमेहाच्या मज्जातंतू-वेदनेवरही एक तपासलं गेलं, तेही प्रभावी ठरलं नाही. जन्मापासून वाहिनी नसणं आणि साठीत गोळी घेऊन ती अर्धवट बंद करणं या दोन गोष्टींत बराच फरक पडतो, हे तेव्हा कळलं. (त्या मुलांना वासही येत नसे, कारण नाकातल्या पेशींनाही हीच वाहिनी लागते.)

मग लक्ष वळलं ते शेजारच्या एनएव्ही १.८ कडे. ही वाहिनी लंडनमधल्या जॉन वुड यांच्या गटाने १९९६ मध्येच वेगळी ओळखली होती. ती मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या संवेदी तंतूंमध्ये असते. सुझेट्रिजिन तिलाच अडवतं. त्यामुळे त्यात अफूवर्गीय औषधांची गुंगी नाही, श्वास मंदावण्याची भीती नाही आणि व्यसनाचीही चिन्हं दिसलेली नाहीत. ज्या देशात अफूवर्गीय गोळ्यांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, तिथे या बातमीचं एवढं स्वागत का झालं हे समजण्यासारखं आहे.

आता बातमीत सहसा न येणारा भाग. ही मंजुरी आहे ती तीव्र, म्हणजे अल्पकाळाच्या वेदनेसाठी. मुख्य चाचण्या दोन झाल्या, प्रत्येकीत हजाराहून अधिक रुग्ण. एकीत पोटावरची सैल त्वचा आणि चरबी काढल्यानंतरचे रुग्ण होते, दुसरीत पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाड काढल्यानंतरचे. मोजमाप झालं ४८ तासांचं. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सुझेट्रिजिन सरस ठरलं. हायड्रोकोडोन हे अफूवर्गीय औषध आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडगोळीपेक्षा मात्र सरस ठरलं नाही. १४ दिवसांपलीकडे तीव्र वेदनेत ते कसं वागतं याचा अभ्यास नाही, असं त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलं आहे. तुमच्या आईंचं दुखणं ३ वर्षांचं आहे.

जुनाट वेदनेत काय दिसलं? डिसेंबर २०२४ मध्ये कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या वेदनेवरच्या, म्हणजे आपण सायटिका म्हणतो त्यावरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे आले. ० ते १० च्या मोजपट्टीवर सुझेट्रिजिन घेणाऱ्यांची वेदना सरासरी २.०२ अंकांनी उतरली. खोटी गोळी घेणाऱ्यांची १.९८ अंकांनी! ही चाचणी या दोन गटांची तुलना सिद्ध करण्यासाठी आखलेली नव्हती, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि ते खरंही आहे. तरीही हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की हात आखडतो.

खोट्या गोळीने २ अंक कसे उतरतात, असं रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात. पेशंट नाटक करतो का, असाही सूर असतो. अजिबात नाही. माणूस चाचणीत शिरतो तो बहुधा वेदना शिगेला असताना. ती पुढे थोडी ओसरणारच असते. शिवाय कोणीतरी दर आठवड्याला आपुलकीने चौकशी करतं, आणि आराम पडेल या अपेक्षेनेच शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला होता. खोट्या औषधाने ज्यांना बरं वाटलं होतं, त्यांना अफूचा परिणाम पुसणारं नॅलोक्सोन दिल्यावर वेदना पुन्हा वाढली. म्हणजे तो आराम शरीरातल्या रसायनांचा होता, आणि म्हणूनच वेदनेच्या औषधाची परीक्षा इतर औषधांपेक्षा अवघड असते. 'आमच्या उपचाराने इतक्या टक्के लोकांना फरक पडला' असं वाक्य वाचलंत, की पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: तुलना कशाशी केली?

तुमच्या आईंना लागू पडणारी चाचणी वेगळी आहे. मधुमेही मज्जातंतू-वेदनेवर १२ आठवड्यांच्या दुसऱ्या टप्प्यात सुझेट्रिजिनने वेदना साधारण २ ते सव्वादोन अंकांनी उतरली. पण तिथे खोट्या गोळीचा गटच नव्हता. सोबत प्रीगॅबालिनचा गट होता आणि त्यातही जवळपास तेवढीच घट दिसली. म्हणून आता खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या, मोठ्या, तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या सुरू आहेत. त्यांचे निकाल चांगले लागले तर पहिल्यांदा मीच ते तुम्हा सगळ्यांना सांगेन. गुंगी न आणणारं औषध या रुग्णांना किती हवं आहे ते मी रोज पाहतो.

भावाने गोळ्या बॅगेतून आणल्या तर काय, असंही तुम्ही विचारलं आहे. स्वतःच्या वापरासाठी परदेशी औषध आणायला केंद्रीय औषध नियामकाची परवानगी लागते. त्यासाठी १२-ए नमुन्यात अर्ज करावा लागतो. २०२५ मध्ये तिथली किंमत गोळीला साडेपंधरा डॉलर होती, दिवसाला दोन. म्हणजे रोज अडीच हजार रुपयांच्या वर. पण मला पैशापेक्षा दुसरी काळजी जास्त वाटते. इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू असताना ही गोळी घेणं निषिद्ध आहे, कारण इट्राकोनाझोल तिला शरीरातून बाहेर जाऊ देत नाही. आणि आपल्याकडे मधुमेही माणसाला जांघेत, स्तनांखाली नायटा झाला की इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे चालतात, पुष्कळदा कुठल्या चिठ्ठीशिवाय. त्या वेळी या नव्या गोळीवर लक्ष ठेवणारा डॉक्टर इथे कोणी नसेल.

वेदना-संशोधनात घाई कशी अंगाशी येते याचं एक उदाहरण सांगतो. टॅनेझुमॅब नावाचं इंजेक्शन मज्जातंतूंच्या वाढीला चालना देणाऱ्या एका प्रथिनाला अडवायचं. गुडघ्यांच्या संधिवातात त्याने खरोखरच आराम पडे. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजून नष्ट होऊ लागले, तेव्हा २०१० मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे डोस कमी करून पुन्हा प्रयत्न झाला. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकी सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी विरोधात कौल दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी ते सोडून दिलं. हा धोका लक्षात आला तो फार मोठ्या संख्येने रुग्ण बराच काळ तपासले गेले म्हणूनच.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंकडे येतो. माझ्या मते उत्तराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तिथेच आहे.

गोळ्यांच्या दोन पट्ट्या आहेत. एक हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, तुम्ही जिला 'नसांच्या ताकदीची' म्हटलं आहे, सकाळ-संध्याकाळ एक. दुसरी मधुमेहाच्या डॉक्टरांची, रात्री झोपताना. पट्टीच्या मागे ब्रँडखाली बारीक अक्षरांत घटक असतात, ते वाचा. पहिलीत प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचं एक रूप. दुसरीत प्रीगॅबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलीन १०. म्हणजे आईंच्या पोटात दिवसाला २२५ मिलिग्रॅम प्रीगॅबालिन जातं आहे, आणि दोन्ही डॉक्टरांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या गोळीची कल्पना नसावी.

त्यात मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.४. हा आकडा पाहून कोणी फारसं दचकत नाही. पण ६६ वय, ५५ किलो वजन आणि स्त्री, असा हिशेब केला की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या आसपास येते. प्रीगॅबालिन जवळजवळ सगळं मूत्रपिंडावाटेच बाहेर जातं, म्हणून या पातळीला त्याचा डोस निम्म्यावर आणावा लागतो. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाने दिवसाला साडेचारशे मिलिग्रॅम घ्यावं तसा परिणाम आईंवर होत असणार. गुंगी, तोल जाणं, घोट्यांची सूज, सगळं यात बसतं. त्यांना 'प्रीगॅबालिन सोसत नाही' असं इतक्यात म्हणू नका. मात्र एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडाभर तरी हळूहळू उतरवायचं असतं. त्याच भेटीत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा डोसही या मूत्रपिंडाला योग्य आहे का, ते विचारा.

मेटफॉर्मिनवरून आठवलं. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि आई शुद्ध शाकाहारी आहेत. बी-१२ च्या कमतरतेनेही पायांना अशाच मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तोल जातो. अडचण अशी की मिथाइलकोबालामिन चालू असताना तपासणी केली तर रक्तातली पातळी भरपूर दिसते. त्या आकड्यावरून आधी कमतरता होती की नाही हे समजत नाही. औषध सुरू होण्यापूर्वीचा जुना रिपोर्ट घरात असेल तर शोधून काढा.

'जुनी औषधं निरुपयोगी, म्हणून नवं हवं' हा समज ज्या संशोधनाने माझ्यापुरता मोडीत काढला, त्यात कुठलंही नवं औषध नव्हतं. ब्रिटनमध्ये मधुमेही मज्जातंतू-वेदनेच्या रुग्णांवर अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन आणि प्रीगॅबालिन ही तीन जुनी औषधं समोरासमोर तपासली गेली. प्रत्येक रुग्णाने क्रमाने तिन्हींपासून सुरुवात केली, आणि ६ आठवड्यांत पुरेसा आराम पडला नाही तर दुसरं औषध जोडलं गेलं. २०२२ मध्ये निकाल आला: सुरुवातीला सरासरी ६.६ असलेली वेदना तिन्ही मार्गांनी १६ आठवड्यांत ३.३ वर आली. कुठल्या औषधाने सुरुवात केली याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो डोस सावकाश, सोसेल तितका वाढवत नेल्याने, आणि एक पुरत नाही म्हणून ते फेकून न देता विचारपूर्वक दुसऱ्याची जोड दिल्याने. आपल्याकडे बहुतेक रुग्ण दहा-पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून डॉक्टर बदलतात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

माझ्याकडच्या वयस्कर बायका आराम आण्यांत सांगतात. 'डॉक्टर, सहा आणे फरक आहे.' ही मोजणी मला फार आवडते, कारण चाचण्यांतही साधारण हेच पाहतात: किती रुग्णांना आठ आणे, म्हणजे ५० टक्के आराम पडला. आणि खरी स्थिती अशी, की अॅमिट्रिप्टिलीनच्या वर्गातलं औषध ४-५ जणांना दिलं तर खोट्या गोळीच्या मानाने एखाद्या जादा रुग्णाला आठ आणे आराम मिळतो. ड्युलॉक्सेटीनला त्यासाठी ७ च्या आसपास रुग्ण लागतात, प्रीगॅबालिनला ८-९. सोळा आणे कोणीच देत नाही. पण रात्री सलग पाच तास झोप लागली, तर आठ आण्यांत घराचं चित्र बदलतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आईंच्या बाबतीत पुढची पायरी काय असावी? प्रीगॅबालिन एकाच पट्टीतून, मूत्रपिंडाला झेपेल इतकं. अॅमिट्रिप्टिलीनच्याच वर्गातलं नॉरट्रिप्टिलीन आधीच चालू आहे. ईसीजी ठीक असेल आणि काचबिंदू नसेल तर ते थोडं वाढवण्याला जागा आहे. ड्युलॉक्सेटीन मूत्रपिंडाची क्षमता ३० च्या खाली गेली तर टाळतात. आई त्या सीमेजवळ असल्याने मी ते मागे ठेवेन. सोबत मिरचीतल्या कॅप्सेसिनचं कमी तीव्रतेचं मलम आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं. पहिले काही दिवस त्यानेच आग वाढते, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ट्यूब केराच्या डब्यात जाते. अखंड त्वचेवरच लावायचं, भेग किंवा जखम असेल तिथे नाही. मिरचीची आग आणि उष्णतेची आग शरीरात पेशींवरच्या एकाच संवेदक प्रथिनामार्फत कळते, हे १९९७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने दाखवलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना त्यासाठी वाटून मिळालं. त्याच कॅप्सेसिनची त्वचेवर चिकटवायची ८ टक्क्यांची पट्टी अमेरिकेत मधुमेही पायांसाठी २०२० पासून मंजूर आहे. ती दवाखान्यातच, ३० मिनिटांसाठी लावतात.

मज्जारज्जूजवळ तारा बसवून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडण्याच्या उपकरणाबद्दलही तुम्ही वाचलं आहे. २१६ मधुमेही रुग्णांच्या चाचणीत त्याचे निकाल ठळक होते: ३ महिन्यांनी उपकरण लावलेल्यांपैकी ७९ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्के यशस्वी ठरले. मात्र तिथे खोट्या उपकरणाशी तुलना नव्हती, आणि खोट्या गोळीनेही २ अंक कसे उतरतात हे वर पाहिलंच. खर्च कित्येक लाखांचा, शिवाय मधुमेहात जंतुसंसर्गाची भीती. औषधं नीट, पुरत्या डोसमध्ये वापरून थकल्यावरच मी त्याचा विचार करतो. आई त्या टप्प्याच्या जवळपासही नाहीत.

गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं मात्र आजच बंद करा. आग होणाऱ्या पायाला उष्णता नीट कळतेच असं नाही. पाय धुतानाही पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून बघायचं, आणि ते पाहणारा माणूस घरातला दुसरा असावा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा.

शेवटी त्या केंद्राविषयी. खऱ्या चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं त्याबाबत स्पष्ट आहेत. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कोणालाही मोफत पाहता येते. त्या लोकांकडे नोंदणी क्रमांक मागा. नैतिकता समितीचं मंजुरीपत्र आणि मराठीतलं संमतीपत्र मागा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार हे संमतीपत्रात असलंच पाहिजे. २०१९ च्या नियमांनी ती जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांवर टाकली आहे. यातलं काहीच न देता आगाऊ रक्कम मागत असतील, तर ते चाचणीच्या नावाखाली उपचार विकत आहेत. तिथून उठून या.

मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घेऊन जा, हाडांच्या डॉक्टरांच्या, आयुर्वेदिक आणि त्वचेच्या औषधांसह. क्रिएटिनिन, बी-१२ चा जुना रिपोर्ट आणि अलीकडचा ईसीजी सोबत ठेवा. डोस बदलल्यावर आईंना रोज सकाळी एकच विचारा, रात्री किती वेळा जाग आली, आणि ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. ६ आठवड्यांनी तो कागद आणि नव्या पट्ट्यांचे फोटो मला पाठवा; पुढचं त्यावरून ठरवू.